मर्यादेतली हवा

माझा मामा फर्निचरला पॉलिश करायचा. दुकानात त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत, कारण त्याने घासलेल्या टेबलात बघून भांग पाडता यायचा.

मी प्रयोगशाळेत नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारातून त्याला मास्क आणला आणि हौसेने दुकानातली हवाही मोजली. सरसाची वाफ, लाकडाचा भुसा, थिनर, सिगारेटचा धूर. प्रत्येकाची वेगळी नोंद, प्रत्येकापुढे ‘मर्यादेत’. मामाने तो कागद भिंतीवर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “भाचीने पास केलंय दुकान!” मास्क तो रोज संध्याकाळी थिनरने धुवायचा. नवाकोरा दिसायला हवा ना.

आठ वर्षांनी त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. गाठ डोळ्यामागे पोचली होती.

“डॉक्टर राहू दे, तू सांग,” तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला. “यातलं नेमकं कोणी केलं? तेवढं एक काढून टाकतो. आता माझ्या जागी धाकटी बसते.”

धाकटी म्हणजे त्याची मुलगी. आत टेबलाची फळी घासत होती.

“एकट्याचं काम नाही हे, मामा. पेशीतल्या डीएनएला सांधे आहेत असं समज. सरसाची वाफ सांधा खिळखिळा करते. शरीराचा सुतार दुरुस्तीला येतो, तर धूर त्याचे हात धरतो. भुशाने नाक आतून सोलवटतं, म्हणून नव्या पेशी घाईघाईने बनतात. मोडका सांधा तसाच पुढच्या मालात जातो.”

“म्हणजे टोळी आहे.”

“हो. आणि मी एकेकाला वेगळं उभं करून सोडून दिलं.”

“आणि थिनर?”

“तू मास्क त्यातच धुवायचास. रात्रभर मुरायचं, सकाळी नाकाला.”

“तूच म्हणाली होतीस, स्वच्छ ठेव.”

म्हणाले होते.

त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट गटारात टाकलं. “एक गेला. बाकीचे काढले तर दुकानात उरेल काय?”

“धाकटे, दुसरं काही काम बघ गं,” मी म्हटलं.

“दुसरं येतंय काय मला?” तिने मान वर केली नाही.

“निदान तो कागद तरी काढ.”

ती उठली. नखाने कोपरा उचकटून पाहिला. निघेना.

“माझ्या हातचं चिकटवलेलं आहे,” मामा हसला आणि खोकत राहिला.

मग तिने पॉलिशपेपर घेतला आणि भिंत घासायला लागली. पांढरी, बारीक धूळ उडाली. मी श्वास रोखून धरला. ती घासतच होती, तोंड उघडं ठेवून.