सड्यावरची दोरी

दोरीच्या आत माझा एकच पाय पडला होता. बापूंनी हातातली काठी माझ्या नडगीवर टेकवली आणि तो पाय मागे लोटला. गुराला लोटतात तसा. पण गुरं आत होती. आम्हीच बाहेर होतो.

"तुमी दोरयेच्या भायर रवा," ते म्हणाले. "पाणी इलाच तर पयली तुमची वाडी जातली. गाव धुवन निघतलो."

मंडपातले लोक हसले. सगळे नाही. जे हसले नाहीत त्यांनी मान खाली घातली. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात माझा एक शब्द नाही.

आमचं गाव आचऱ्याहून फार लांब नाही. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मी बौद्धवाडीतली. अकरा वर्षं बापूंच्या घरी कामाला होते. बापू म्हणजे गावातलं खोताचं घर. आंब्याची बाग त्यांची, काजूची त्यांची, देवळातला पहिला मानही त्यांचा. त्यांच्या आईला आम्ही काकी म्हणायचो. काकीला लकवा झाला होता. तिला उठवणं, भरवणं, धुणं, कपडे बदलणं, सगळं मी करायचे. बापू आणि त्यांचा धाकटा भाऊ अण्णा, दोघेही त्या खोलीच्या दारातूनच आईला विचारायचे, "बरा आसा मां?" आत यायचे नाहीत. वास यायचा.

पौषात त्यांच्याकडे एक महाराज उतरले. त्यांनी सांगितलं, वैशाखातल्या अमावास्येला सूर्य बुडायच्या आत दर्या तीन माड उंच उठणार. कलियुग संपणार. वाचेल तो फक्त सडा, म्हणजे गावाच्या डोक्यावरचं ते उघडं, कातळाचं माळरान. ज्याला महाराज धागा बांधतील तोच तरेल.

गावाने मानलं. एकाने पोरीचं ठरलेलं लग्न थांबवलं. मुंबईचे चाकरमानी रजा काढून आले. मास्तर आधी हसले, मग त्यांनीही बायकोला सामान बांधायला सांगितलं. मोबाईलवर तर रोज नवीन व्हिडिओ. मीसुद्धा मानलं. हे लपवणार नाही. मला मरणाची भीती वाटली. म्हणूनच त्या दिवशी आमच्या वाडीतल्या वीस-बावीस जणांनी काही न विचारता गावाचं सामान सड्यावर चढवलं. तांदळाची पोती. देव. समया. कपाटं. एकाने टीव्हीसुद्धा. काकीला खुर्चीत बसवून मी आणि माझ्या भावाने वर नेलं. अर्ध्या वाटेवर माझ्या पायाचं नख उलटलं. थांबले नाही. वाटलं, वर पोचलो की आपल्यालाही धागा बांधतील, आपणही वाचलो.

वर पोचलो तेव्हा मंडप घातलेला होता आणि मंडपाभोवती दोरी. धागा असलेले आत. काकीच्या मनगटाला धागा मीच बांधला होता, महाराजांनी माझ्या हातात दुरून टाकला होता म्हणून. गाईच्या शिंगाला धागा होता. बापूंच्या कुत्र्याच्या गळ्यात धागा होता. आमच्या एकाच्याही हाताला नव्हता.

काठीनंतर आम्ही खालच्या उतारावर बसलो. वैशाखातला कातळ. पोरांच्या पायाखाली आम्ही पिशव्या अंथरल्या. मी परत काही बोलेन म्हणून आईने माझा हात धरून ठेवला. ती एवढंच म्हणाली, "गप रव गो. आजचो दिवस." तिला खरंच वाटत होतं की आज आपण मरणार. मरतानासुद्धा गप्प राहा, असं ती मला सांगत होती. तिने आयुष्यभर तेच केलं होतं.

दिवस कलला. मंडपात नामाचा आवाज वाढला. बायका रडत होत्या. आम्ही सगळे समुद्राकडे बघत होतो.

आणि मला होड्या दिसल्या.

दर्यावर जाणारी माणसं त्या दिवशीही दर्यावर गेली होती. ती आता परत येत होती, रोजच्यासारखी, एकामागून एक. खाली पुळणीवर, वाळूत, बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. होडी लागली. मासळी उतरली. एवढ्या उंचीवरून माणसं मुंगीएवढी दिसत होती, पण त्यांचं काम मला दिसत होतं. जगबुडीला ती मोजतच नव्हती. आम्ही मात्र पाय फोडून घेत या लोकांचा टीव्हीसुद्धा वर आणला होता.

सूर्य बुडाला. पाणी होतं तिथेच होतं.

मग महाराज उठले आणि म्हणाले, नामाच्या बळावर लाट परत गेली. मंडप आनंदाने ओरडला. पेढे निघाले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. नुकतंच खोटं ठरलेलं एक माणूस त्यांच्यासमोर उभं होतं आणि ते त्याच्याच पाया पडत होते. मास्तरसुद्धा पडले.

अंधार व्हायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं होतं. बापू दोरीपाशी आले. दिवसभरात पहिल्यांदा गोड बोलले.

"चला गो, उचला सामान. आदी काकीक घेवा."

वाडीतली माणसं उठायला लागली. सवय. माझा भाऊही उठला. मी उठले नाही.

"नाय," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मी उभी राहिले.

"बापू, तुमी म्हटल्यात पाणी आमका न्हेतला. न्हेल्यान समजा. मेलेली माणसां वजी उचलनत नाय."

आई माझा पदर ओढत होती. मी तिचा हात सोडवला आणि उताराला लागले. मागे वळून पाहिलं तर भाऊ येत होता. त्याच्या मागे बाकीचे. एक म्हातारा थोडा घुटमळला, मग तोही आला. आई सगळ्यात शेवटी.

आम्ही वाटेच्या वळणावर थांबलो. मला बघायचं होतं. बापू आणि अण्णा काकीची खुर्ची उचलून आणत होते. काकीला परसाकडे झालं होतं. बदलायचे कपडे कुठल्या पिशवीत आहेत हे फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. अण्णा नाक दाबायचा आणि खुर्ची एका बाजूला कलायची. बापूंच्या धोतराला घाण लागली होती. काकीचा एक डोळा चालायचा, तो माझ्यावर होता. काकी माझ्याशी कधी वाईट वागली नाही. मी नजर खाली घातली नाही. मला तेव्हा बरं वाटलं. आजही वाटतं. याबद्दल मला कोणी दयेचे धडे देऊ नयेत.

उरलेलं सामान तीन दिवस सड्यावर पडून होतं. मुंबईच्या पोरांनी कसंबसं उतरवलं.

पुढच्या आठवड्यात महाराजांनी नवीन सांगितलं. संकट टळलं नाही, पुढे गेलं आहे. एका बाईने त्या दिवशी उलट उत्तर दिलं म्हणून. नवी तारीखही दिली. लोकांनी तीही मानली. वाडीला बागेतलं काम बंद झालं. मला न सांगता आई बापूंच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन माफी मागून आली. तिला उन्हात उभं ठेवून परत पाठवलं. त्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले आणि अॅट्रॉसिटीची तक्रार दिली. लिहून घेणारे हवालदार बापूंचं ते वाक्य शुद्ध मराठीत करून लिहायला लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, साहेब, तो जसं बोलला तसंच लिहा. त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. माझ्या भावाने साक्ष दिली. आईने दिली नाही.

श्रावणात काकी गेली. मला बोलावणं आलं नाही. मी गेलेही नाही.

गणपतीच्या आधी बापू आमच्या दारात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईने आतून खुर्ची आणली. मी ती परत आत नेली. ते उभ्यानेच बोलले. गावाची अब्रू, जुने संबंध, वाडीला परत काम. शेवटी म्हणाले, "चुकान गेला तोंडातसून. माफी मागतंय. केस मागे घे."

मी म्हटलं, "माफी तुमी महाराजांकडे मागा. माका नको."

ते गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

केस उभी आहे. तारखा पडतात, मी जाते. वकील सांगतात वेळ लागेल. लागू दे. महाराजांची तारीख येईल, जाईल, ते तिसरी देतील, आणि सडा परत भरेल. वाडीतल्या एकाही माणसाने त्यांचं एक भांडंसुद्धा वर चढवायचं नाही, हे मी घरोघर फिरून ठरवून घेतलं आहे. आणि बापूंना मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार. त्यांना शिक्षा होईपर्यंत मी मरणार नाही.