अक्कांचे बारा व्होल्ट

अक्कांच्या हातात तांब्याची तार असली की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, हा अमळनेरातला अलिखित कायदा होता. त्या वेढे मोजत असत. कोणी दुकानात शिरलं तर मान वर न करता डावा हात उंच धरायच्या, की माणूस जिथल्या तिथे थांबे. एकदा खुद्द तहसीलदार असे पाच मिनिटं उंबऱ्यात उभे राहिले होते. मोजणी संपल्यावर अक्का म्हणाल्या, "हां, बोला." उशीर झाल्याबद्दल एक शब्द नाही.

जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार भरून रिवाइंड करण्याचं ते दुकान त्यांच्या नवऱ्याचं. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता शटर कायमचं खाली. पण चौदाव्या दिवशी अक्कांनी ते वर केलं. नवरा हयात असतानाही अर्धं काम त्यांच्याच हातचं होतं, हे तेव्हा कुठे गावाला कळलं. विहिरीवरची पाणबुडी मोटार जळाली की आसपासच्या खेड्यांतले शेतकरी ती बैलगाडीत घालून थेट अक्कांकडे आणायचे.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो नानांच्या गाडीमुळे. नाना म्हणजे माझे वडील, खेड्यांवर फिरणारे डॉक्टर. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची एक अवजड अमेरिकन गाडी होती. तिची सगळी वीज सहा व्होल्टची. थंडीत ती सकाळी कण्हत कण्हत सुरू व्हायची, आणि दिवे असे मिणमिणते, की रस्ता दिसण्यापेक्षा रस्त्यावरच्यांना गाडी दिसावी एवढाच त्यांचा उपयोग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका संध्याकाळी, दिवेलागणीला, कापसाची बैलगाडी नानांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही. मडगार्ड बैलाच्या शिंगाला घासला. गाडीवानाने उडी मारली म्हणून तो वाचला. कोणाला खरचटलंही नाही, पण नाना घरी आले ते पांढरेफटक पडून. त्यांनी किल्ली कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. हळूहळू खेड्यांवर जाणंही थांबलं. लोक निरोप पाठवायचे, नाना औषध लिहून द्यायचे आणि मग तासन्‌तास ओसरीवर नुसते बसून राहायचे.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. गाडी बारा व्होल्टची करून घेतली तर दिवे लख्ख होतील, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण जळगावच्या आणि धुळ्याच्या मिस्त्रींनी हात वर केले. वीज तयार करणारा बारा व्होल्टचा डायनामो त्या गाडीला बसेना, आणि जुना डायनामो कोणी उघडेना. शेवटी मी अक्कांकडे गेले. त्यांनी आजवर मोटारगाडीला हात लावलेला नव्हता. मी तसं म्हणाले, तर त्या हसल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"गाडी काय, पंप काय, तांबं तेच शे."

तीन आठवडे तो डायनामो त्यांच्या फळीवर उघडा पडलेला होता. त्यांनी जुनी जाड तार उलगडली, वेढे वहीत लिहून घेतले, आणि बारीक तारेचे जवळजवळ दुप्पट वेढे भरले. बारा व्होल्टची बॅटरी, बल्ब, कॉइल, डायनामोचा कटआउट मी धुळ्याहून आणले. गाडीतल्या वायरी मात्र त्यांनी बदलू दिल्या नाहीत. व्होल्ट वाढले की करंट कमी लागतो, जुन्या जाड वायरी शंभर वर्षं टिकतील, असं त्यांचं म्हणणं. विद्युत हे प्रकरण मी चार वर्षं शिकवत होते, पण मला ते खरं समजलं त्या फळीपाशी.

सुरू करायच्या दिवशी गाडी ढकलत दुकानापुढे आणली, तेव्हा तिथे वीस-पंचवीस माणसं जमली. मी कपाटातली किल्ली लावून बटण दाबताच इंजिन एका झटक्यात उठलं. हॉर्न तर असा गरजला की समोरची शेळी दावं तोडून पळाली. लोक टाळ्या वाजवतात तोच डॅशबोर्डमधून धूर यायला लागला. कोणीतरी म्हणालं, "बाईमाणसाचं काम, दुसरं काय!" अक्कांनी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली आणि आत वाकून पाहिलं. पेट्रोलचा काटा जळाला होता. तो सहा व्होल्टचाच राहून गेला होता. त्या वळल्या आणि सगळ्यांदेखत, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"मन्ही चूक शे. काटा मन्हा ध्यानमाच नही ऱ्हायना."

एवढं म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. तासाभरात गाडी पुन्हा चालू झाली. काटा काही मिळाला नाही. अक्कांनी बांबूची एक काडी खुणा करून दिली. ती टाकीत बुडवून पेट्रोल बघायचं.

गाडी सुधारली, पण नाना काही सुधारले नाहीत. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणायचे. असे चार आठवडे गेले. मग एके दिवशी, उन्हं कलताना, अक्का धुतलेलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"डाक्टरसाहेब, माले जरा बहीणना गावले सोडी द्या. यष्टी चुकनी."

नानांना नाही म्हणता येईना. त्यांनी कपाटातून किल्ली काढली. मी मागच्या सीटवर बसले. गावाबाहेर पडेपर्यंत अंधारून आलं. नानांनी दिवे लावले आणि रस्ता दूरवर उजळला. निंबाची झाडं, मैलाचा दगड, सगळं स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात समोरून कापसाच्या गाड्यांची रांग आली. नानांची मान ताठ झाली. पण पहिल्या बैलाचे डोळे लांबूनच चमकले होते. नानांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, एकेक गाडी जाऊ दिली. शेवटच्या गाडीवानाने ओळखून हाक मारली, "डाक्टरसाहेब, इतला दिन कोठे व्हतात!" नानांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्ठा श्वास सोडला. तो श्वास मला मागे ऐकू आला.

गाव आलं. नानांनी विचारलं, "बहिणीचं घर कुठे?"

अक्का समोर बघत म्हणाल्या, "माले बहीणच नही. तीन भाऊ शेतस. आते वापस चला, सैपाक व्हवाना शे."

नाना स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले. इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खेड्यांवर गेले, आणि पुढे नऊ वर्षं जात राहिले.

नव्वदच्या दशकात अक्कांची नजर अधू झाली. बारीक तार दिसेना, तेव्हा त्यांनी दुकान त्यांच्याकडेच शिकलेल्या एका विधवेला दिलं आणि त्या जळगावला मुलाकडे राहायला गेल्या. त्यांना ट्रंकेसकट पोचवायला नानाच गेले, मीही बरोबर होते. निरोप घेताना अक्कांनी बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि आत गेल्या.

परतताना धरणगावच्या अलीकडेच अंधार पडला. पूर्वी, सहा व्होल्टच्या दिवसांत, नानांना परतायला अंधार झाला की आई घराच्या फाटकाला धरून उभी राहायची. रस्त्यावर गाडीचा आवाज येईपर्यंत ती तिथून हलत नसे. त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. आई आत निवांत पोळ्या लाटत बसली होती. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "हातपाय धुवा, वाढतेच."