हळदीकुंकवाची जोडी

मी लग्न होऊन धारला आले तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, शिकारखान्यातली नोकरी गेली, पाठोपाठ मोतीबिंदूनं नजर गेली. तलावावरची बदकं मोजायची सवय तेवढी राहिली. हे नोकरीनिमित्त बदनावरला. म्हणून संध्याकाळी मामंजींचा हात धरून तलावावर जायचं आणि दिसेल ते सांगायचं, हे काम माझ्याकडे आलं. उंबरठ्याबाहेर पडायची माझी तेवढीच वेळ. सासूबाईंनी बजावलं होतं, बदकं गेली की फिरणं बंद, ते थेट दिवाळीनंतर ती परत येईपर्यंत.

चैत्र लागला. त्या संध्याकाळी घाटावर पोचतो न पोचतो तोच कपडे गोळा करणारा धोबी ओरडला, "बासाब, तमारा पंछी तो कल सांजे उडी गया!"

मामंजी थबकले. "सूनबाई, नीट बघ."

आधी काठ, मग पाणी, डावीकडून उजवीकडे, असा माझा क्रम ठरलेला. वाळक्या फांदीवर पाणकावळे. चिखलात टिटव्या. चक्रवाक एकही नाही. मधलं पाणी रिकामं. मग पलीकडच्या लव्हाळ्यातून एक जोडी बाहेर आली. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी लाल ठिपके.

"हळदीकुंकू बदकं आहेत, मामंजी."

"ती काय, बारा महिने असतात."

"पण बदकंच ना?"

ते हसले. "तुला वकील करायला हवं होतं."

परतताना मी पावलं मुद्दाम हळू टाकली. त्यांनीही घाई केली नाही.

सासूबाई दारातच उभ्या. "काय, गेली का?"

"आहेत अजून," मामंजी म्हणाले.

"कोणती?" हा प्रश्न मला होता.

"हळदीकुंकवाची जोडी आहे."

"ती कुठं जातायत! उद्या कुरडया घालायच्यात. चीक मी घोटते, तू गच्चीवर कावळे हाकायचेस."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तरी मी काठी घेऊन गच्चीवरच होते. चहूकडे कौलं, तलाव दिसत नव्हता. जिन्यात खोकला ऐकू आला. मामंजी भिंत चाचपत वर आले आणि माझ्याशेजारी बसले.

"सांग."

"कावळे. चिमण्या. एक साळुंकी."

"वर?"

"घार आहे. तलावाकडे चाललीय."

त्यांनी तोंड तिकडे वळवलं. मग म्हणाले, "जाऊ दे तिला. तू कुरडयांकडे बघ, नाहीतर बोलणी मला बसतील."