खाऱ्याची पहिली बाटली

हिंगोलीत सोडा सगळेच पीत होते, पण सोड्यातलं कळत होतं एकट्या पंचफुलामावशीला. ती आमची शेजारीण. ती आणि तिचे मालक व्यंकटराव घरातच गोटीच्या बाटल्या भरायचे. गॅसचं नळकांडं हैदराबादेहून रेल्वेनं यायचं. बाटली यंत्रात अडकवायची, दांडा फिरवायचा, गॅस भरला की गोटी तोंडाशी येऊन घट्ट बसायची. दांडा व्यंकटरावांचा, चव मावशीची.

सोडा तीन प्रकारचा. साध्यात पाणी आणि गॅस, बाकी काही नाही. तो नाकात झणकन जातो आणि जिभेवर काही ठेवत नाही. कचेरीतले कारकून तो घरी नेत, कशात घालत ते त्यांच्या बायकांना विचारा. खाऱ्यात सोडाखार, म्हणून तो मऊ, बारीक फेसाचा. ठेचा-भाकरी खाऊन पोट धरून बसलेल्या माणसाला तो दोन ढेकरांत मोकळं करायचा. तिसरा लेमन, साखरेच्या पाकाचा, नव्या नवरीला पाजायचा. बाटल्या सारख्याच दिसायच्या, म्हणून मावशी प्रत्येक घाण्यातली एक फोडून घोट घ्यायची आणि मगच दोरा बांधायची. खाऱ्याला पांढरा, लेमनला पिवळा, साध्याला काही नाही.

खेड्यापाड्यातले लोक मात्र साध्याला सोडाच मानत नसत. बाजाराला आलेला डोंगरकडा गावचा माणूस म्हणायचा, "हवा भरलेलं पानी काहून देता? खरा सोडा द्या." खरा म्हणजे खारा. तेच औषध.

जर्मनीशी लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली तेव्हा व्यंकटरावांच्या पायांवर सूज आली. स्टेशनाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदय थकलंय. मीठ बंद." मावशीनं घरातला मिठाचा डबा आमच्याकडे आणून ठेवला. भाकरी अळणी, वरण अळणी. स्वतःही तेच खायची. रोज सकाळी ती त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची आणि पडलेला खड्डा किती वेळात भरतो ते पाहत बसायची. तो लवकर भरावा, एवढंच तिचं मागणं होतं.

सोडेवाल्यांची एक रीत असते. दिवसाची पहिली बाटली विकायची नाही, तिच्यात गॅस कमी भरतो. ती घरच्यानं प्यायची. मावशी ती पहिली बाटली खाऱ्याची भरायची आणि व्यंकटरावांना पाजायची. अळणी जेवणानं माणसाचं तोंड विटलेलं, निदान खरा सोडा तरी पोटात जाऊ दे म्हणून. चार महिने, रोज.

शेवटी त्यांना दम लागला तेव्हा डॉक्टर घरी आले. खाटेखाली पांढऱ्या दोऱ्याची बाटली होती.

"हे काय?"

"खारा सोडा, डाक्टर."

"त्यात काय असतं?"

"सोडाखार. मीठ न्हाई. मिठाचा खडासुदीक न्हाई घरात."

डॉक्टरांनी बाटली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बाई, खारही मिठासारखाच अंगात पाणी धरून ठेवतो." दारात मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "त्यानंच झालं असं नाही म्हणता येत. धडधाकट माणसाला तो बाधतही नाही. थकलेल्या हृदयाला बाधतो."

दोन दिवसांनी व्यंकटराव गेले.

मावशी रडली नाही. तेराव्यानंतर यंत्राशी बसली आणि स्वतःच दांडा फिरवू लागली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? आयाबाया तोंडाला पदर लावून बोलायच्या, मीही त्यांच्यात होते. पुढं एका सकाळी तिनं मला हाक मारली. "शकू, ह्याचा घोट घे. कोनता हाय सांग."

"खारा. तुला कळंना?"

"न्हाई. तिन्ही पानीच लागतात."

मग मी रोज जाऊ लागले. मी चव सांगायची, तिनं दोरा बांधायचा. पहिली बाटली मात्र ती मला दोनदा चाखायला लावायची आणि उरलेली उभ्याउभ्या पिऊन टाकायची. मनात म्हटलं, नवरा गेला तरी बाईची चैन काही सुटत नाही.

पावसाळा सरत आला असताना एकदा मी जरा उशिरा गेले. मावशी उंबऱ्यावर बसली होती, शेजारी रिकामी बाटली. लुगडं घोट्यावर सरकवून ती स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबत होती. उचलायची, बघायची, पुन्हा दाबायची.

"मावशी, काय करून राहिलीस?"

"चार महिने झाले, शकू. त्यायच्याइतकाच पिले." तिचा आवाज दोरा मागावा तसा सपाट होता. "मला काहून सूज येत न्हाई?"

मी तिच्याबद्दल जे जे बोलले होते ते सगळं मला आठवलं आणि माझीच लाज वाटली. डॉक्टर दारात काय म्हणाले होते तेही आठवलं.

"येत न्हाई, म्हंजे त्यायलाबी खाऱ्यानं आली नसंल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू बराबर चाखत व्हतीस ना? खाराच व्हता ना ह्यो?"

"खाराच व्हता," मी म्हणाले. डॉक्टरांचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. ती उठली आणि दुसरी बाटली यंत्रात अडकवू लागली.