गर्शोम सर ॲडजस्ट करत नाहीत

पनवेलमध्ये गर्शोम आष्टमकर सरांसमोर कुणी 'जरा ॲडजस्ट करा' म्हणत नाही. एखादा नवखा म्हणतो आणि मग पस्तावतो.

मागच्या दिवाळीचीच गोष्ट घ्या. विश्वजीतची शेअर रिक्षा स्टेशनवरून एसटी स्टँडकडे निघालेली, मागे सरांसकट तिघं बसलेले, आणि चौथी एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी. विश्वजीत सरांचाच विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला. सवयीने बोलून गेला, "सर, जरा ॲडजस्ट करा ना." झालं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि विचारलं, "विश्वजीत, हा शब्द आला कुठून?" बाईंचा एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर. मागे बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

"लॅटिनमध्ये 'जुक्स्ता' म्हणजे शेजारी, अगदी लगत," सर सांगू लागले. "'आद' म्हणजे कडे. दोन वस्तू एकमेकींच्या लगत आणून ठेवायच्या, हा मूळ अर्थ. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला. तिथल्या लोकांचा समज झाला की हा 'जस्ट'वरून, म्हणजे न्यायावरून आला असणार. तसा तो आलेला नाही, पण त्या समजुतीने शब्दाचं रूपच बदललं. मग इंग्रजांनी घेतला. वजनकाटे ॲडजस्ट करायचे, दुर्बीण ॲडजस्ट करायची. माणसाने स्वतःला मुरड घालायची, हा अर्थ फार उशिराचा. आणि तिघांच्या जागेत चौथा कोंबायचा, हा अर्थ तुझा. कुठल्याही कोशात नाही." एवढं बोलून सर खाली उतरले, बाईंना जागा करून दिली आणि घरापर्यंत चालत गेले. त्या दिवसापासून विश्वजीत त्यांना एकट्यालाच नेतो. परवडत नाही, पण नेतो.

चौतीस वर्षं सरांनी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. शब्दाच्या मुळाशी जायचं खूळ तेव्हापासूनचं. वर्गात कुणी 'सर, ॲडजस्ट करून मार्क द्या' म्हटलं की तास तिथेच संपायचा आणि हे पुराण सुरू व्हायचं. मुलं मुद्दाम म्हणायची. सरांना ते कळायचं, पण शब्द समोर आला की त्यांना राहवायचं नाही.

माणूस वाईट नव्हता हो. ताठ होता, एवढंच. पण त्या ताठपणाचा दंड भरायला लागला तो त्यांच्या बायकोला, जेरुशाबाईंना.

त्यांचा एकुलता एक मुलगा अवीव. दहा वर्षांपूर्वी त्याने बेलपाड्याच्या भाविकाशी लग्न करायचं ठरवलं. मुलगी शिकलेली, बँकेत नोकरीला, वडील आनंदा म्हात्रे गावातले जमीनवाले. नाव ठेवायला जागा नव्हती. पण सरांचा समाज बेने इस्राएल, यहुदी. एकेकाळी पनवेलमध्ये त्यांची घरंच घरं होती. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं आणि आता बोटांवर मोजावीत इतकी उरली. सरांचं म्हणणं, आपण आधीच मूठभर, त्यातून तू बाहेर गेलास तर मागे राहणार कोण? अवीव म्हणाला, "पप्पा, मी कुठे जात नाहीये. इथेच आहे. तुम्ही फक्त थोडं ॲडजस्ट करा."

आता हा शब्द त्या वेळी त्या घरात उच्चारायची काही गरज होती का? पण पोर तोंडाला येईल ते बोललं. सरांनी चष्मा काढला. पोटच्या मुलासमोर, त्याच्या आयुष्याचा प्रश्न पुढ्यात असताना, त्यांनी तोच लॅटिनचा तास घेतला. अवीवने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तो उठून गेला. लग्न झालं, त्याने खांदा कॉलनीत घर घेतलं, आणि बापलेकांचं बोलणं बंद पडलं ते पडलंच.

जेरुशाबाई दर बुधवारी भाजीला म्हणून बाहेर पडायच्या आणि तीन तासांनी एक कोथिंबिरीची जुडी घेऊन परत यायच्या. सर विचारायचे नाहीत. एकदाच त्या चिडल्या आणि म्हणाल्या, "अहो, जगाला सांगत फिरता, लगत आणायचं म्हणून. मग आणा की स्वतःच्या पोराला. का ते नुसतं फळ्यावर लिहायला?" सर त्या दिवशी जेवले नाहीत. पण गेलेही नाहीत.

मग जेरुशाबाई गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सगळं संपलं.

त्यांच्यात माणूस गेल्यावर 'काद्दीश' नावाची प्रार्थना म्हणतात. आई गेली की ती मुलाने म्हणायची. तो त्याचा हक्क आणि त्याचंच काम. कब्रस्तानात अवीव आला होता, फाटकाजवळ उभा होता. सिनेगॉगचे, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराचे, म्हातारे व्यवस्थापक रूबेनजी प्रार्थनेचं पुस्तक घेऊन त्याच्याकडे निघाले तेव्हा सर म्हणाले, "इकडे द्या. मी म्हणतो." रूबेनजी घुटमळले. सरांनी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि स्वतः काद्दीश म्हटली. अवीव फाटकाजवळून तसाच परत गेला.

त्याला वर्ष झालं. वर्षाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये पुन्हा काद्दीश म्हणायची होती. तो रविवार होता. आणि काद्दीशचा एक कडक नियम आहे: समाजातले दहा जाणते पुरुष हजर नसतील तर ती म्हणताच येत नाही. नऊ असतील तर बाकीची प्रार्थना करा आणि घरी जा. सरांनी महिनाभर आधीपासून फोन लावले. स्वतःला धरून पनवेलमधले पाच जमले. पेणहून दोघं येतो म्हणाले, ठाण्याहून दांडेकर आणि त्यांचे दोघे भाऊ. जेरुशाचं नाव एवढ्या माणसांत घेतलं जाईल, एवढीच त्या म्हाताऱ्याची इच्छा होती. वर्षभर तो याच दिवसाची वाट बघत होता.

रविवारी सकाळी नऊला माणसं जमली. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक पवित्र वचन आहे, त्याचा एकेक शब्द एकेकाकडे बघत म्हणायचा, म्हणजे आपोआप मोजणी होते. रूबेनजींनी वचन म्हणायला घेतलं आणि नवव्या शब्दावर ते थांबले. पेणचे हाइमकाका आले नव्हते. फोन लावला तर त्यांची सून म्हणाली, सकाळी चक्कर आली, डॉक्टरांनी हलू नका म्हणून सांगितलंय.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. दांडेकरांना दुपारी ठाण्यात दुसरा कार्यक्रम होता, ते सारखे घड्याळ बघत होते. शेवटी त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "असं करू या का? पेटीचं दार उघडं ठेवू, आतला पवित्र ग्रंथ दहावा धरू. अडचणीच्या वेळी काही ठिकाणी करतात म्हणे. थोडं ॲडजस्ट करून घेऊ."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. आता चष्मा निघणार. पण सर काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. इतकी वर्षं त्यांना ओळखणारे रूबेनजी त्या गप्प बसण्यानेच घाबरले. ते शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "गर्शोमभाऊ, ग्रंथ कशाला मोजायचा? दहावा खांदा कॉलनीत आहे. रिक्षाने पंधरा मिनिटं."

"त्याला फोन करा," सर म्हणाले.

"मी नाही करणार. आणि केला तरी तो येणार नाही. त्या दिवशी पुस्तक तुम्ही घेतलंत. बोलवायचं तर तुम्हीच बोलवा."

सरांनी टोपी सारखी केली. मग उठले. विश्वजीत रिक्षा घेऊन बाहेरच थांबला होता. "खांदा कॉलनी," सर म्हणाले. विश्वजीतने पूल उतरून नवीन पनवेल गाठलं. बिल्डिंग त्याने न विचारता दाखवली. जेरुशाबाईंना बुधवारी तोच तर आणायचा.

दुसऱ्या मजल्यावर दाराच्या उजव्या चौकटीला त्यांच्या धर्मातली वचनाची छोटी डबी ठोकलेली होती. सर ती बघत उभे राहिले. बेल वाजवायला हात उचलेना. शेवटी दार आतूनच उघडलं. कचऱ्याची पिशवी ठेवायला भाविका आली होती. तिने सासऱ्याला ओळखलं, ओढणी सावरायला गेली आणि ती अंगावर नाही हे लक्षात येऊन गोंधळली.

"या ना, आत या. हे आंघोळीला गेलेत."

आत बैठकीच्या कोपऱ्यात जेरुशाबाईंचा फोटो होता. त्यापुढे काचेच्या ग्लासात तेलाचा दिवा. वर्षाच्या आदल्या संध्याकाळी लावायचा असतो तोच. रात्रभर तेवून तेल तळाला गेलं होतं.

"कुणी सांगितलं तुला हे?" सरांनी विचारलं.

"आईंनी. त्यांच्या आईच्या वर्षाला इथेच लावायच्या त्या. तुम्हाला कशाला त्रास, म्हणायच्या." पाण्याचा ग्लास पुढे करून ती म्हणाली, "बुधवारी यायच्या ना."

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "कोथिंबीर इथूनच घ्यायची का?"

"खालच्या गाड्यावरून. जाताना आठवण मीच करायचे."

अवीव बाहेर आला तो टॉवेलने डोकं पुसतच. वडिलांना पाहून जागच्या जागी उभा राहिला. दहा वर्षांत त्याच्या कानांजवळचे केस पिकले होते. सरांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

"दहावा माणूस कमी पडतोय," सर म्हणाले.

"म्हणून आलात?"

हो म्हणावं तर खरंच होतं, आणि नाही म्हणावं तर तेही खरंच होतं. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"त्या दिवशी पुस्तक तुझ्या हातात द्यायला हवं होतं. तुझी आई होती ती. मी दिलं नाही. चुकलं माझं, अवीव. फार चुकलं."

अवीवने भाविकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कपडे बदलतो."

सर भाविकाला म्हणाले, "तूही चल. बायका मागच्या बाजूला बसतात. जेरुशा खिडकीजवळ बसायची." तिने दिव्यात तेल घातलं, ओढणी घेतली आणि निघाली. मागच्या सीटवर बापलेकांच्या मध्ये तीच बसली. वळणावर सरांचा तोल गेला तेव्हा अवीवने मागून हात लांबवून त्यांचा खांदा धरला, आणि मग तो हात सिनेगॉग येईपर्यंत काढला नाही.

आत शिरताच रूबेनजींनी पुन्हा वचन म्हटलं, आणि या वेळी ते पुरं झालं. नेहमीची प्रार्थना झाली. काद्दीशची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीने पुस्तक सरांच्या हातात दिलं. सरांनी ते घेतलं, पान शोधलं, बोट ठेवून अवीवपुढे धरलं. अरामी भाषेतली लांब प्रार्थना, जीभ अडखळेल अशी. दहा वर्षं या चौकटीत पाऊल न टाकलेला मुलगा. सर त्याला हळू आवाजात सांगायच्या तयारीने उभे राहिले.

अवीवने पुस्तक मिटून बाकावर ठेवलं. डोळे बंद केले आणि सुरू केलं. एक शब्द चुकला नाही. जिथे थांबायचं तिथे थांबला, जिथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं तिथे त्यांना अवधी दिला. पहिल्या आमेनला सरांचा आवाज फुटलाच नाही.

"पाठ कशी याला?" त्यांनी शेजारच्या दांडेकरांना कुजबुजत विचारलं.

दांडेकर चकित झाले. "म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही? ऐरोलीला ऑफिस ना त्याचं, पुढे ठाण्याला येऊन आमच्या सिनेगॉगमध्ये काद्दीश म्हणायचा. दर सोमवारी नि गुरुवारी, सकाळी सहाला. नियमाचे अकरा महिने. एक दिवस चुकला नाही पोरगा. आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवता. आज इथे दिसला नाही तेव्हा म्हटलं, ठाण्यातच म्हणत असेल."

सरांनी बाकाची कड घट्ट धरली. वर्षभर त्यांची समजूत होती की जेरुशासाठी रडणारे या जगात आपण एकटेच. अवीव शेवटच्या ओळीवर आला होता. पुन्हा आमेनची जागा आली, आणि सर इतक्या मोठ्याने आमेन म्हणाले की मागे खिडकीजवळ बसलेली भाविका उठून उभी राहिली.