अंबूवहिनीचं दळण

माझी वहिनी अंबूबाई रोहिणखेडची. सात वर्षांची असताना वरातीतल्या सनईमागं चालत निघाली, ती तीन कोसांवरच्या गावात सापडली. बापानं चोपलं, तरी कुठं सूर ऐकला की पोरगी तिकडं. शेवटी अकराव्या वर्षी तिला देऊळघाटला आमच्या घरात देऊन टाकलं.

आमची माय मनकर्णाबाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. सुनेचा आवाज ओसरीपलीकडं जाता कामा नये. सूट एकाच ठिकाणी, जात्यावर. ओवी म्हणजे देवाचं नाव, तिला कोण अडवणार? वहिनीनं हे बरोबर हेरलं. घरचं दळण, आमच्या बोलीत दयन, संपलं की शेजारपाजारची ज्वारी मागून आणायची. बाया हसायच्या, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हसेनात का. वहिनी ओवीत सनईचे सूर बेमालूम घालायची, आणि मी, माहेरी परतलेली तिची नणंद, हातातलं काम टाकून ऐकत बसायची. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

घरात मात्र सगळ्यांना वाटायचं, बिचारी फार राबते. माझा भाऊ रंगराव तर बायकोवर जीव टाकणारा. सन छत्तीसला कपाशी चांगली पिकली, तेव्हा खामगावहून त्यानं इंजिनासकट पिठाची गिरणीच आणली. गावाला पेढे वाटले. वहिनीला म्हणाला, "आता तुह्या हाताले आराम."

"हात दुखते म्हून मी कधी म्हटलं?" वहिनी म्हणाली. ती लाजली, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

आठवड्यानं एका दुपारी जात्याची घरघर ऐकू आली. पाहते तर वहिनी रिकामं जातं फिरवत गात होती. रिकामं जातं फिरवलं की घराला अवदसा येते, हे मला लहानपणापासून पढवलेलं. मी मूर्ख, घाबरून मायजवळ चहाडी केली. संध्याकाळपर्यंत जात्याचा वरचा दगड विहिरीवर गेला, धुणं आपटायला. त्यावर वहिनीनं दहा वर्षं धुणं धुतलं, मुकाट्यानं. ती चहाडी मला अजून छळते.

मग माय वारली. तेरावं झाल्यावर मी वहिनीचा हात धरला. म्हटलं, "आता म्हना, वहिनी. आता कोनी अडवत नाही."

ती खाली बसली. जात्याचा खुंटा धरावा तशी उजवी मूठ वळली, हवेतच दोन फेरे घेतले. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"दयन कुठं हाये, बाई?" तिनं विचारलं.