विहिरीवरची पाटी

"भाऊसाहेब, सुटला का त्यो?"

तहसील कचेरीच्या दाराशी चप्पल काढून, एक डोळा मिटून तो रोज विचारायचा. 'त्यो' म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगात पडलेला काळ्यांचा पुढारी. आणि हा आमचा पेंटर. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तालुक्यातल्या साऱ्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहायचं काम त्याच्याकडं आलं. डोळा मिटायची सवय अक्षरांची ओळ जोखून जोखून लागलेली.

मी तिथला कारकून; ब्रश पुसायला त्याला जुने पेपर द्यायचो. तो आधी वाचायचा, मग पुसायचा. तिकडच्या मोर्च्यांच्या बातम्या मात्र कापून खिशात. तिथं बाकांवर, नळांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' असं लिहितात हे वाचून त्याला हसू फुटलं. "त्येंला पाटी लावावी लागती, भाऊसाहेब. आपलं बिगरपाटीचंच भागतंय."

आम्हीही हसलो. तुम्हीही हसला असता.

पुढं कॉलेजच्या पोरांनी तिथल्या सरकारच्या निषेधाचा मोर्चा काढला. फलक यानंच रंगवला, बाजारात फिरून सह्याही यानंच घेतल्या. त्याच्या गावच्या सरपंचांनी केली. मी केली, चांगली ठळक.

त्याच दुष्काळी उन्हाळ्यात तो दुसरा कागद घेऊन आला. त्याच्या गावात टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. त्याच्या दलित वस्तीतल्या बायकांनी तिथं पोहरा टाकायचा नाही; कुणी वरून ओतेल तेव्हा ओतेल. "भरू द्या, न्हाईतर वस्तीत येगळा टँकर द्या," एवढंच मागणं.

"तवा सही केली त्या समद्यांकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "सरपंच म्हणले, तिथलं येगळं हाय."

चौकशीला मला धाडलं. मी विहिरीपर्यंत गेलोच नाही. सरपंचांच्या ओसरीवर चहा घेत पंचनामा लिहिला : विहीर सर्वांस खुली आहे, तक्रारीत तथ्य नाही. कुणी दम दिला नव्हता. ऊन फार होतं, आणि सरपंच आमच्या नात्यातले. हे मी आजवर घरातही बोललो नाही.

वस्तीला वेगळा टँकर मिळालाच नाही. वरून हुकूम आला, विहिरीवर 'सर्वांस खुली' अशी पाटी लावा. कचेरीचा पेंटर एकच.

कागद त्याच्या हातात मीच दिला. पंचनाम्याखालची माझी सही त्यानं पाहिली. मग दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आता आपल्याकडंबी पाटी आली म्हणायची," म्हणाला, आणि रंगाचा डबा उचलून गेला.

तो परत कचेरीत आला नाही. वस्तीच पांगली, नांदेडकडं. कुणी नायगाव सांगे, कुणी बिलोली.

काही वर्षांनी ती बातमी आली. सुटला. पेपर घेऊन मी त्याच्या गावी गेलो. वस्तीत नुसत्या भिंती. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. तिला विचारलं, "वस्तीतले इथं भरायचे का हो?"

तिनं पोहरा न थांबवता वर मान केली. "लिवलंय की तिथं."

अक्षरं अजून ताजी होती. ओळ कुठंही तिरकी नव्हती. पेपर घडी करून मी एसटीची वाट बघत उभा राहिलो.